शिवहार मिस्त्री आणि गुड फ्रायडेची मोटर

कल्पना करा, तुमच्या मांडीपुढे एक लोखंडी नळकांडं आहे. त्याच्या आतल्या अंगाला चोवीस खाचा आहेत. प्रत्येक खाचेत आधी जाड कागदाचं अस्तर बसवायचं, मग तांब्याच्या तारेचे वेढे एकेक करून बोटाने आत सारायचे, आणि शेवटी खाचेचं तोंड बांबूच्या चिपेने ठोकून बंद करायचं. चिप सैल राहिली तर तार हलते. हातोडीचा एक टोला जास्त पडला तर आतला कागद फाटतो, तार उघडी होते, आणि तो फाटलेला कागद बाहेरून कुणालाही दिसत नाही. दोरा बांधला, वार्निशात बुडवलं, भाजून काढलं की चांगली मोटर आणि घातकी मोटर सारख्याच चकाकतात. अशी मोटर तुम्ही भरली आहे. दारात शेतकरी टेम्पो घेऊन उभा आहे. त्याच्या हाती ती कशाच्या भरवशावर द्याल?

कनेरगाव नाक्यावर शिवहार मिस्त्रीचं मोटर भरायचं दुकान आहे. त्याच्याकडे या प्रश्नाला एक सरळ उत्तर होतं, ते म्हणजे मेगर. हाताने दांडी फिरवायचं, डब्यासारखं एक यंत्र. एक वायर मोटरीच्या तारेला, दुसरी मोटरीच्या लोखंडी अंगाला लावायची आणि दांडी फिरवायची. काटा अनंताच्या खुणेवर गेला तर मोटर चांगली. शून्यावर बसून राहिला तर तारेतला करंट लोखंडात उतरणार, आणि लोखंडाला हात लावणाऱ्या माणसात.

हे त्याला पुनमचंद उस्तादाने शिकवलं होतं. शिवहार सतरा वर्षांचा असताना उस्तादाकडे वसमतला राहिला. उस्ताद शिव्या फार द्यायचा, पण त्याचा एक नेम होता. मेगर झाल्याशिवाय तो चहा पीत नसे. समोर चहा थंड होऊन त्यावर साय धरली तरी दांडी फिरल्याशिवाय कपाला हात नाही.

शिवहारच्या घरात ख्रिस्ती श्रद्धा त्याच्या आईपासून आली, नानीबाईपासून. ती शेतमजुरी करायची. वाचता येत नव्हतं, पण उपासनेत ऐकलेलं तिच्या ध्यानात राहायचं आणि ती तसं वागून बघायची. भांडलेल्या शेजारणीकडे स्वतः पीठ मागायला जायची, म्हणजे बोलणं सुरू होईल. ती गेली तेव्हा शिवहारकडे तिची म्हणावी अशी वस्तू काही राहिली नाही. राहिली ती तिची प्रार्थनेची सवय.

स्वतःचं दुकान टाकल्यावर शिवहारने पहिली मोटर भरली. मेगर केला. पुन्हा केला. काटा दोन्ही वेळा बराबर बसला. तरी भीती जाईना. मग त्याने मोटरीवर हात ठेवला आणि मनातल्या मनात म्हटलं, देवा, हिच्यामुळं कुणाच्या घरात रडारड होऊ देऊ नको. एवढंच.

अशी सवय लागली. दुसऱ्या वर्षी तो हे ओठ हलवून म्हणायला लागला. चौथ्या वर्षी मोठ्याने. समोरच्या चहाच्या टपरीवरचे लोक वळून बघायचे. गिऱ्हाइकं टोपी काढून उभी राहायची. बहुतेक जण हिंदूच, पण देवाचं नाव कुणाला नको असतं? "मिस्त्री, आमच्या मोटरीवर हात ठेवला का?" असं विचारून लोक मोटर नेऊ लागले. प्रार्थना दोन मिनिटांवर गेली. तिच्यात पाऊसपाणी आलं, गुरंढोरं आली, लेकरांच्या परीक्षा आल्या. हिंगोलीच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, त्याचं नाव निघू लागलं, की शिवहार आपल्या कामातून देवाची साक्ष देतो.

मागच्या वर्षी गुड फ्रायडेला मंडळीच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, त्याला पाचवा शब्द दिला.

गुड फ्रायडेची उपासना बारा ते तीन असते. वधस्तंभावरून येशू जे सात शब्द, म्हणजे सात वाक्यं, बोलला, त्या प्रत्येकावर एकेकाने बोलायचं. सात शब्दांसाठी सात माणसं. पाचवा शब्द तहानेचा, 'मला तहान लागली आहे' हा. मंडळीत बोलायची शिवहारची ही पहिलीच वेळ होती. त्याने महिनाभर आधीपासून वहीची सात पानं भरली. मोहिनीने, त्याच्या बायकोने, पांढरा सदरा आणि पांढरी पँट कडक इस्त्री करून ठेवली.

त्याच आठवड्यात लिंबाजीची मोटर आली. लिंबाजी नाक्यापासून आत, सहा किलोमीटरवरच्या वाडीत राहायचा. साठ-सत्तर मेंढरं, थोडा उन्हाळी भुईमूग, आणि एक विहीर. मोटर जळाली तसं त्याचं सगळंच अडलं. शिवहारने ती गुरुवारी भरून, वार्निश करून, जोडून ठेवली. रात्रभर वाळेल, सकाळी मेगर करू, असा विचार.

शुक्रवारी सकाळी तो सात पानं पाठ करत बसला. साडेदहाला पांढरे कपडे घालून, दुकानाला कुलूप लावायला म्हणून मोटरसायकलवर मोहिनीला मागे बसवून आला, तर लिंबाजी टेम्पो घेऊन हजर.

"मिस्त्री, न्यायची ना मोटर? मेंढरं तीन दिस झाले दुसऱ्याच्या हौदावर पाजून राहिलो. आज त्यो बी वसकन अंगावर आला."

"झालीय मामा, झालीय. घ्या."

मोटर बाकड्यावर होती. मेगर आतल्या कपाटात, ऑइलच्या डब्यांच्या मागे. शिवहारने घड्याळ बघितलं. मग मोटरीवर हात ठेवला, वार्निश लागणार नाही असा, बोटांच्या टोकांनीच, आणि डोळे मिटले. प्रार्थना छान झाली. तहानेवर इतके दिवस विचार केलेला होता, त्यामुळे शब्द आपोआप आले. लिंबाजीने टोपी काढली. टपरीवरच्या एकाने आमेन म्हटलं, अर्धं चेष्टेनं, अर्धं खरं. मोटर टेम्पोत गेली, शिवहार आणि मोहिनी हिंगोलीला.

पत्र्याच्या सभागृहात पंखे गरम वारा फिरवत होते. पहिला शब्द झाला, दुसरा झाला. तिसऱ्यावर एक शिक्षक बोलत होते. शिवहार दुसऱ्या रांगेत, पुरुषांच्या बाजूला, मांडीवर वही उघडून मनात घोकत होता. चौथ्या पानावर त्याचं स्वतःचं उदाहरण होतं. ते त्याला फार आवडायचं. त्याने लिहिलं होतं: मी प्रत्येक मोटर आधी तपासतो, आणि तपासून झाली की तिच्यावर हात ठेवून प्रार्थना करतो.

तो तिथे थांबला.

पुन्हा वाचलं. आधी तपासतो. आज तपासली का? सकाळ आठवली. टेम्पो, लिंबाजीची टोपी, टपरीवरचं आमेन. मेगरची दांडी काही आठवेना. हाताला तिचा जोर आठवेना. आणि आठवायला नको होतं तेच आठवलं: गुरुवारी, अकराव्या की बाराव्या खाचेत, चिप ठोकताना एक टोला जरा बसका वाजला होता. तेव्हा त्याने स्वतःलाच म्हटलं होतं, बघू, उद्या मेगरला कळेलच.

त्याने मान वळवून घड्याळ बघितलं. एक वाजायला आठ मिनिटं. या आठवड्यात त्या वाडीच्या लायनीला थ्री फेज लाईट दुपारी दोनला येत होती. लिंबाजीचा फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच. वाडीतला दुसरा नंबर त्याच्याकडे नव्हता.

आता त्याच्या डोक्यात हिशेब चालू झाला, आणि हा हिशेब त्याला पुढे कितीतरी दिवस आठवायचा. चौथा शब्द वीस मिनिटं, मग आपला. आपण पंधरा मिनिटांचं दहात उरकलं तर? लाईट बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटं उशिरा येते. टोला बसका वाजला म्हणजे कागद फाटलाच असं थोडंच आहे? शंभरातल्या नव्व्याण्णव मोटरी पास होतात. आणि आपण प्रार्थना तर केली आहे.

या शेवटच्या विचाराशी तो अडला. खरंच केली होती. पण काय केलं होतं?

तो उठला. शेवटच्या रांगेपाशी मंडळीच्या पंचांपैकी एक, सूर्यकांतकाका, देणगीची पेटी सांभाळत बसले होते. त्यांनी त्याच्या बाहीला धरलं.

"अरे कुठं? तुझा नंबर येऊन राहिला."

"काका, एक मोटर..."

"मोटर?" काकांचा आवाज चढला आणि चार माना वळल्या. "आजच्या दिवशी मोटर? तीन तास देवाला देता येत न्हाईत व्हय तुला?"

"तपासायची राहिली काका. माणूस मरंल."

काका काही बोलायच्या आत तो दाराबाहेर होता. बायकांच्या बाजूने मोहिनी त्याच्याकडे बघत होती. त्याने वही तिच्या शेजारच्या खिडकीत ठेवली होती, का ठेवली ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. नाक्यावर त्याने दुकान उघडलं, ऑइलचे डबे ढकलले, मेगर काढला. सदऱ्यावर काळा पट्टा उठला तो त्याला संध्याकाळपर्यंत दिसलाच नाही. वाडीच्या कच्च्या रस्त्याला लागला तेव्हा दोनला पंचवीस कमी होते.

लांबूनच मेंढरं दिसली. हौदाभोवती गर्दी करून, कोरड्या सिमेंटला नाकं लावून उभी होती. विहिरीच्या काठावर, खांबावरच्या स्टार्टरपाशी लिंबाजीची बायको यशोदाबाई उन्हाला पदर लावून बसली होती. लिंबाजी दिसत नव्हता.

"मामी, मामा कुठंत?"

"आत. विहिरीत. पाणी भरून राहिले मोटरीला." त्याचे पांढरे कपडे बघून ती उठून उभी राहिली. "काहून? काय झालं? कोण गेलं?"

शिवहारने खाली बघितलं. चाळीस फूट खोल, पाण्याच्या जरा वर गर्डरवर मोटर बसवली होती. लिंबाजी गुडघाभर पाण्यात उभा राहून, एका हाताने मोटरीला मिठी मारून, दुसऱ्या हाताने मग्ग्याने पंपात पाणी ओतत होता. पंपात आधी पाणी भरल्याशिवाय तो पाणी ओढत नाही.

मग त्याने स्टार्टरकडे बघितलं. त्याला ऑटो लावलेला होता. लाईट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून शेतकरी लावतात तो. खटका 'चालू'वर होता.

शिवहारने स्टार्टरच्या पेटीचं दार उघडलं आणि तिन्ही फ्यूज उपसून खिशात घातले. मग विहिरीत वाकून ओरडला, "मामा! वर या!"

"कोन, मिस्त्री? आता काय वर या, दोन मग्गे राहिले."

"मग्गा सोडा. मोटरीवरचा हात काढा आन् वर या."

"आरं पण..."

"या म्हन्तो ना!"

त्या आवाजाने मेंढरंसुद्धा जरा मागे सरली. लिंबाजी पायऱ्या चढू लागला. तो निम्म्यावर आला असेल, तेवढ्यात शेजारच्या शेतातली मोटर घरघरली. खांबावरचा दिवा भर उन्हात पिवळा पेटला. लाईट आली होती. पाच मिनिटं आधी.

तिघंही त्या दिव्याकडे बघत राहिले. का बघायचं ते त्यांच्यातल्या एकालाच माहीत होतं.

शिवहारने मोटरीच्या वायरी स्टार्टरमधून सोडवल्या. मेगरची एक तार त्यांना लावली, दुसरी विहिरीतून वर आलेल्या लोखंडी पाइपाला, कारण तो पाइप खाली मोटरीच्या अंगालाच जोडलेला होता. आणि दांडी फिरवली. काटा शून्यावरून हलला नाही. त्याने पुन्हा फिरवली, जोरात. काटा शून्यावर मेल्यासारखा पडून होता.

कदाचित नुसता फ्यूज उडाला असता. कदाचित नसता उडाला. ते कुणीच सांगू शकत नाही.

तो विहिरीच्या काठावर खाली बसला. छातीवरचा दगड कुणी उचलून घेतल्यासारखं वाटत होतं. समोर लिंबाजी उभा होता. ओला, चिडलेला आणि जिवंत.

"मामा," तो म्हणाला, "सकाळी मी मोटर तपासली न्हवती. आतून तार लोखंडाला लागलीय. लाईट आली तवा तुमचा हात तिच्यावर असता तर..." त्याने मेगरची तार सोडवली. "चूक माझी हाय. घाई होती. कपड्याला डाग पडंल म्हनून कपाटाकडं गेलो न्हाई. नुसती प्रार्थना केली."

लिंबाजीने त्याच्याकडे बघितलं, मग विहिरीत, मग स्वतःच्या हाताकडे. तो हात त्याने धोतराला पुसला, उगाचच.

"आन् म्या टोपी काढून उभा राह्यलो," तो हळूच म्हणाला.

यशोदाबाईला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती रडली नाही. तिने कपाळावर हात मारला.

"काय बाई मानसं! देवाला समदं सांगितलं, मोटरीला इचारायचं तेवढं राह्यलं!"

"व्हय मामी. तसंच झालं."

"आन् तुमचा देव काय म्हनंल? ह्याला म्या हात दिले ते काय हवेत फिरवायला?"

शिवहारला हसू आलं, आणि हसताना डोळ्यांतून पाणी आलं. लिंबाजी मात्र हसला नाही. तो काठावर टेकला, विडी काढली, आणि दोन काड्या विझवून तिसरीवर ती पेटवली.

"मला सांगाया आलात, ते येगळं," थोड्या वेळानं तो म्हणाला. "मोटर बिघडली म्हनून घेऊन गेला असतात तरी मला काय कळलं असतं? आमी अडाणी." त्याने धूर सोडला. "पर आज मी तुमाला लई बोलनार हाय. आदी मेंढरं पाजू. मग बोलतो."

दोर आणि बादल्या निघाल्या. चाळीस फुटांवरून पाणी शेंदायचं, हौदात ओतायचं. सत्तर मेंढरं. हौदात जरा ओल आली की ती एकमेकांच्या पाठीवर चढत. लिंबाजी आणि शिवहार आळीपाळीने शेंदत होते, यशोदाबाई ओतत होती. मेंढराचं पिणं शिवहारने इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. मान न उचलता, डोळे अर्धे मिटून पितात. तळहाताची साल निघाली. तीन वाजून गेले. हिंगोलीत आता सातवा शब्द संपून लोक शांतपणे बाहेर पडत असतील, हे त्याच्या ध्यानात आलं आणि पुन्हा बादलीबरोबर खाली गेलं.

शेवटचं मेंढरू बाजूला झाल्यावर लिंबाजी बोलला, आणि खरंच लई बोलला. शिवहारने मान खाली घालून ऐकून घेतलं. मग यशोदाबाईने दोघांना भाकरी आणि ठेचा दिला.

मोटर वर काढून तो दुकानी आला तेव्हा मोहिनी शेवटच्या बसने येऊन दाराशी बसली होती. तिने त्याचे कपडे बघितले. इस्त्रीचा मागमूस नव्हता.

"लिंबाजीमामा?"

"बरे हायेत."

तिने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मग म्हणाली, "पाळकसाहेब म्हनले, मोहिनी, वही हाय तर तूच वाच. मी वाचली."

"सगळी?"

"चवथ्या पानावरचं एक वाक्य सोडून. 'आधी तपासतो' ते."

"तुला ठाऊक होतं?"

"सकाळी मी गाडीपाशी उभी होते. तुमी कपाट उघडलंच न्हाई."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"तुमी डोळे मिटून उभे होता अवो. लोक टोप्या काढून उभे. प्रार्थना चालू असताना मधी कसं बोलावं? मला वाटलं, मागून सांगते. मागून गाडी चालू झाली. वाटलं, आदल्या रात्री केलं असंल. आन् मग मीबी पाचव्या शब्दाचा इचार करत बसले. तुमी उठून गेलात तवा मला बरं वाटलं. काका कायतरी बोलले त्याचं वाईट वाटलं न्हाई, खरं सांगते."

सूर्यकांतकाका दुसऱ्या दिवशी स्वतः दुकानात आले. माफीबिफी मागणाऱ्यातले ते नव्हेत. बाकड्यावर बसून त्यांनी उघडलेली मोटर बघितली. शिवहारने बारावी खाच दाखवली. कागद टाचणीच्या टोकाएवढा फाटला होता, तार तिथे लोखंडाला टेकली होती.

"एवढुसं?" काका म्हणाले.

"एवढुसंच लागतं काका."

काकांनी ती खाच बोटाने चाचपली. मग म्हणाले, "माझ्या घरची बोअरची मोटर तूच भरलीस न्हवं, मागल्या साली?"

"व्हय."

"ती तपासली होतीस का?"

"तपासली होती." तो थांबला. "मला वाटतं, तपासली होती. येतो मी उद्या उपासना झाल्यावर, मेगर घेऊन."

काका हसले. शिवहारने त्यांना हसताना बहुधा पहिल्यांदाच बघितलं. पुढच्या दोन महिन्यांत तो दुकानाच्या हिशेबाच्या वहीत सापडलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या विहिरीवर जाऊन आला. काटा सगळीकडे बराबर बसला. प्रत्येक ठिकाणी त्याला हलकं वाटायचं, आणि लोकांना वाटायचं, मिस्त्रीचं डोकं फिरलं.

लिंबाजीची मोटर मात्र शनिवारी संध्याकाळीच तयार झाली. लिंबाजी यशोदाबाईला घेऊनच आला. "ह्या येळंला म्या बघनार," ती म्हणाली. शिवहारने मेगर बाकड्यावर ठेवला, तिलाच दांडी फिरवायला दिली. काटा सरसर गेला आणि आडव्या आठाच्या खुणेवर, अनंतावर, जाऊन टेकला. तिने पुन्हा फिरवून बघितला. मग म्हणाली, "हां. आता झाली."

शिवहारचा हात सवयीने मोटरीकडे गेला आणि मधेच थांबला. लिंबाजीने टोपी काढलेली होती.

"करा की," लिंबाजी म्हणाला. "थांबलात काहून?"

त्याने हात ठेवला. टपरीवरचे लोक वळले, पण तो मोठ्याने काही बोलला नाही. फक्त उभा राहिला, अगदी थोडा वेळ. मोटर टेम्पोत गेली.

ईस्टरची उपासना झाल्यावर त्याने पाळकसाहेबांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगून मनातलं विचारलं. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, विचार करून सांगतो. त्याला आता वर्ष होत आलं. अजून त्यांनी सांगितलेलं नाही, आणि शिवहार अजून प्रत्येक मोटरीपाशी, मेगर झाल्यावर, हात ठेवून तेच विचारत उभा राहतो: जे माझ्या हातात होतं ते मी केलं, काटा शेवटाला टेकला, मग आता देवाकडे मागायचं तरी काय उरलं, की तरीही हा हात उचलावासा वाटत नाही?